स्वनिर्मित विमानातील इंजीन-मापके आणि इंधनझडप : निवडीचे निकष
(मेळघाट-वऱ्हाडच्या भूगोलाच्या संदर्भात)

सारांश

हौशी व्यक्तीने स्वतः बांधलेल्या विमानात इंजीन-मापके व इंधनझडप हे खर्चाच्या दृष्टीने गौण, परंतु सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्णायक घटक आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्या निवडीमागील तत्त्वांचे विवेचन केले आहे. कोणते मापक आवश्यक, कोणते पूरक. झडप कोठे बसवावी व तिची मूठ कशी असावी. उष्ण हवामान आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल यांचा या निवडीवर कोणता परिणाम होतो, या प्रश्नांचा विचार येथे केला आहे. उदाहरण म्हणून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून सेमाडोहकडे जाणारा एक कल्पित उड्डाणमार्ग घेतला आहे.

बीजसंज्ञा : स्वनिर्मित विमान, इंजीन-मापके, इंधनझडप, बाष्परोध, घनता-उंची, मेळघाट.

१. प्रस्तावना

विमान घरी बांधता येते, ही कल्पना महाराष्ट्राला आता अपरिचित राहिलेली नाही. मुंबईतील कांदिवली येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यास व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळे येथे त्याचे चाचणी-उड्डाण झाले. या प्रवासातील शासकीय परवानग्यांची कथा वृत्तपत्रांनी वेळोवेळी सांगितली. परंतु अशा विमानाच्या पोटात काय असते, कोणता भाग का निवडावा लागतो, याविषयी मराठीत फारसे लेखन आढळत नाही. प्रस्तुत लेख त्या दिशेने केलेला एक अल्प प्रयत्न आहे.

वऱ्हाडच्या दृष्टीनेही विषय समयोचित आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने त्याआधी २०२४ मध्येच केली होती. विमान हा विषय आता या भागातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या नजरेच्या टप्प्यात आला आहे.

स्वनिर्मित विमानाचा सांगाडा व पंख यांवर बांधणारा वर्षानुवर्षे मेहनत घेतो. मापके व इंधननलिका यांची पाळी शेवटी येते. तोवर पैसा आणि धीर दोन्ही आटलेले असतात. याच टप्प्यावर 'तूर्त चालेल' असे निर्णय घेतले जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी-निर्मित विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंजीन व त्याच्याशी संबंधित यंत्रणांचे अपयश आणि उड्डाणातील नियंत्रण सुटणे ही दोन कारणे अग्रभागी आढळली. इंधनप्रणालीच्या कार्यचाचणीची लेखी नोंद बांधणाऱ्याकडून घेतली जावी, अशी शिफारसही मंडळाने केली. यावरून विषयाचे गांभीर्य ध्यानात यावे.

२. सेमाडोहचा मार्ग : एक विचारप्रयोग

निवडीचे निकष हवेत तरंगू नयेत यासाठी एक मार्ग डोळ्यांपुढे ठेवू. खालच्या बाजूस पंख असलेले दोन आसनी स्वनिर्मित विमान बेलोऱ्याहून उत्तर-वायव्येस निघाले आहे. दोन्ही पंखांत एकेक टाकी आहे. वेग ताशी १८० किलोमीटर. अचलपूर-परतवाड्यापर्यंत खाली सपाट काळी जमीन आहे. कपाशी, सोयाबीन, तूर यांची शेते आणि संत्र्याच्या बागा आहेत. परतवाडा ओलांडताच गाविलगडच्या टेकड्या उभ्या राहतात. पुढे सिपना नदीच्या खोऱ्यात, सागवनाच्या दाटीत सेमाडोह आहे. बेलोऱ्यापासून सेमाडोहचे अंतर सरळ रेषेत सुमारे ८५ ते ९० किलोमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या तासाचे उड्डाण.

दोन टाक्यांच्या विमानात दोन्ही पंखांचे वजन समतोल राहावे म्हणून वैमानिक दर अर्ध्या तासाने टाकी बदलतो, अशी सर्वसाधारण शिस्त आहे. म्हणजे घड्याळाकडे पाहून ही शिस्त पाळणारा वैमानिक नेमका सेमाडोहच्या माथ्यावर इंधनझडपेला हात घालील. त्या क्षणी झडप अर्धवट फिरली, अडकली किंवा बंद स्थितीत गेली, तर काय होईल? विमानाचे घरंगळण्याचे गुणोत्तर १:९ धरले आणि ते जमिनीपासून १,००० मीटर उंच असले, तर निर्वात स्थितीत ते जास्तीत जास्त ९ किलोमीटर जाईल. सेमाडोहभोवतालच्या ९ किलोमीटरच्या वर्तुळात दऱ्या, नाले आणि साग यांखेरीज फारसे काही नाही. गावालगतचे एखादे शेत मिळाले तर मिळाले.

प्रस्तुत लेखातील प्रत्येक निकष या एका क्षणाला लावून पाहता येईल. मापकाने त्या क्षणाची पूर्वसूचना दिली पाहिजे आणि झडपेने तो क्षण येऊच देऊ नये.

३. मापके : काय पाहावे आणि का

३.१ किमान संच. अमेरिकी नियमांत सर्वसाधारण विमानांसाठी दिवसाच्या उड्डाणास आवश्यक उपकरणांची जी यादी आहे, ती स्वनिर्मित विमानासही मार्गदर्शक मानली जाते. इंजिनाशी संबंधित बाबी त्यात मोजक्याच आहेत : फेरेमापक, तेलदाबमापक, हवेने थंड होणाऱ्या इंजिनास तेल-तापमापक, द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनास शीतक-तापमापक आणि प्रत्येक टाकीस इंधनपातळीमापक. इंजीन सुरू होताच तेलदाबाचा काटा अर्ध्या मिनिटात उचलला गेला नाही, तर इंजीन तत्काळ बंद करावे लागते. इतर कोणत्याही मापकाला एवढा अधिकार नाही. म्हणून तेलदाबमापक वैमानिकाच्या थेट दृष्टिरेषेत असावे.

३.२ मर्यादा इंजिनानुसार. मापक निवडताना प्रथम इंजिनाची पुस्तिका उघडावी आणि नंतर मापकाची किंमत पाहावी. लायकमिंग जातीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडर-शीर्षाचे कमाल तापमान २६० अंश सेल्सिअस आहे; मात्र दीर्घायुष्यासाठी ते सुमारे २०५ अंशांखाली ठेवावे, असे उत्पादक सांगतो. तेलाची कमाल मर्यादा ११८ अंश आहे. रोटॅक्स ९१२ मालिकेतील शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाचे फेरे मिनिटाला ५,८०० पर्यंत जातात, पण तेही केवळ पाच मिनिटे. सलग चालविण्याची मर्यादा ५,५०० आहे. त्याच्या तेलाची मर्यादा १३० अंश आहे. एका इंजिनासाठी रंगवलेली हिरवी-पिवळी-लाल तबकडी दुसऱ्यास लावली, तर ते मापक खोटे बोलते. तेही अधिकारवाणीने. मोटारगाडीचे मापक स्वस्त मिळते; परंतु त्यावर बहुधा आकड्यांऐवजी 'थंड-गरम' अशा खुणा असतात. इंजीन गरम आहे एवढे कळून भागत नाही. ते मर्यादेपासून किती अंश दूर आहे, हे कळावे लागते.

३.३ चारही सिलिंडर मोजावेत. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे चार सिलिंडर सारखे तापत नाहीत. आवरणातून वाहणारी हवा कोणाला अधिक, कोणाला कमी मिळते. स्वनिर्मित विमानात तर आवरणाची घडण प्रत्येक बांधणाऱ्याची निराळी असते. 'सर्वांत गरम सिलिंडर कोणता' हे आधी ठाऊक नसते. ते शोधण्यासाठीच चार संवेदक लागतात. येथे पैसे वाचविणे म्हणजे चार मुलांच्या घरात एकाचाच ताप मोजून सर्व बरे आहेत असे मानणे होय.

सिलिंडर-शीर्षाचे तापमान आणि निष्कास-वायूचे तापमान यांतील भेदही स्पष्ट असावा. पहिले निरपेक्ष मर्यादेशी ताडून पाहायचे असते, तर दुसरे सापेक्ष असते. निष्कास-तापमानाचा आकडा संवेदक नळीत किती अंतरावर बसविला आहे यावरही अवलंबून असल्याने दोन विमानांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. त्याचा उपयोग इंधन-हवा मिश्रण साधण्यासाठी आणि एखाद्या सिलिंडरमधील बिघाड ओळखण्यासाठी होतो.

३.४ थर्मोकपलची तार. येथे एक सूक्ष्म, परंतु वऱ्हाडच्या उन्हाळ्यात घातक ठरू शकणारी चूक होते. थर्मोकपल दोन भिन्न धातूंच्या तारांचे असते. ते स्वतः तापमान मोजत नाही. आपल्या दोन टोकांमधील तापमानाचा फरक मोजते. मापक आपल्या मागील बाजूचे तापमान त्या फरकात मिळवून अंतिम आकडा दाखविते. तार अपुरी पडली म्हणून बांधणाऱ्याने इंजीन-कक्षातच तांब्याची साधी तार जोडली, तर फरकाचे दुसरे टोक मापकाऐवजी त्या सांध्यावर येते. समजा, इंजीन-कक्षात सांध्याचे तापमान ८० अंश आहे आणि मापकामागे ४५ अंश. मापक ३५ अंशांनी कमी तापमान दाखवील. प्रत्यक्षात सिलिंडर २३० अंशांवर असताना काटा १९५ वर स्थिर उभा राहील आणि वैमानिक निश्चिंत राहील. म्हणून तार वाढवावयाची झाल्यास त्याच मिश्रधातूंची वापरावी. सिलिंडर-शीर्षासाठी प्रायः लोखंड-कॉन्स्टंटन, तर निष्कासासाठी क्रोमेल-अॅल्युमेल.

३.५ दाबमापक आणि अग्निरोधक भिंत. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक दाबमापकात तेल वा पेट्रोल नळीवाटे थेट मापकापर्यंत येते. विजेविना चालते, हा त्याचा गुण. नळी फुटल्यास गरम तेल किंवा पेट्रोल वैमानिकाच्या मांडीवर येते, हा दोष. विद्युत संवेदक वापरल्यास द्रव अग्निरोधक भिंतीच्या पुढेच राहतो. मात्र हा जड संवेदक थेट इंजिनावर पिळून बसवू नये. कंपनांनी त्याची मान तुटते. तो भिंतीवर बसवून लवचिक नळीने जोडावा आणि इंजिनाच्या बाजूच्या जोडात अतिसूक्ष्म छिद्राचा अवरोधक ठेवावा. मग नळी फुटली तरी तेल थेंबाथेंबाने गळते आणि उतरण्यास वेळ मिळतो.

अलीकडे सर्व मोजमापे एकाच पडद्यावर दाखविणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लोकप्रिय आहे. मर्यादा ओलांडताच ती इशारा देते आणि नोंदीही साठविते, हे मोठे लाभ आहेत. तथापि, वीज गेल्यास सर्व मापके एकदमच अंध होतात. निदान तेलदाबासाठी एक स्वतंत्र मापक वा इशारा-दिवा असावा आणि पडद्यास छोटी राखीव बॅटरी असावी.

३.६ इंधनपातळी. वैमानिक सर्वांत कमी विश्वास ज्या मापकावर ठेवतात, ते हेच. तरंगता गोळा, धारिता-संवेदक किंवा पारदर्शक उभी नळी यांपैकी काहीही निवडले तरी दोन गोष्टी अनिवार्य आहेत. पहिली : विमान उड्डाणातील स्थितीत, म्हणजे नाक-शेपटी समपातळीत ठेवून, टाकीत पाच-पाच लिटर ओतत खुणा कराव्यात. दुसरी : 'शून्य' म्हणजे टाकी कोरडी असणे नव्हे. नळीपर्यंत न पोहोचणारे इंधन तळाशी उरले असताना काटा शून्यावर असला पाहिजे. प्रमाणित विमानांच्या नियमांतही हेच तत्त्व आहे.

३.७ इंधनप्रवाहमापक. छोट्या पात्याच्या फिरण्यावरून हे मापक ताशी किती लिटर इंधन जाते ते सांगते आणि बेरीजही ठेवते. ते उपयुक्त आहे, पण त्याची मर्यादा जाणून घ्यावी. आपल्यातून जे गेले तेवढेच त्याला कळते. टाकीच्या झाकणातून किंवा अलीकडच्या जोडातून गळालेले इंधन त्याच्या हिशेबात येत नाही. पातळीमापक आणि प्रवाहमापक हे दोन स्वतंत्र साक्षीदार मानावेत. दोघांचे जबाब जुळत नसतील तर कमी आकडा खरा धरावा.

४. इंधनझडप : छोटा भाग, मोठा निर्णय

४.१ एका अपघाताचा धडा. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचा कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात विमान कोसळून मृत्यू झाला. विमान बर्ट रूटान यांच्या 'लाँग-ईझी' आराखड्यावर आधारित, हौशी व्यक्तीने बांधलेले होते. डेन्व्हर यांनी ते वापरलेल्या स्थितीत विकत घेतले होते. मूळ आराखड्यात इंधनझडप वैमानिकाच्या पुढ्यात, दोन पायांच्या मध्ये होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागील भिंतीवर नेली. हेतू चांगला होता : इंधननलिका कॉकपिटमध्ये नकोत. परिणाम असा झाला, की टाकी बदलण्यासाठी वैमानिकाला सुकाणूवरील उजवा हात सोडून, अंग वळवून मागे न्यावा लागे. तसे करताना उजवा पाय नकळत रडरच्या पायदाबावर रेटला जाई. झडपेच्या स्थितींवर खुणा नव्हत्या. इंधनपातळी दाखविणाऱ्या नळ्या मागे होत्या आणि त्यांवरही आकडे नव्हते. उड्डाणापूर्वी झडपेपर्यंत हात पोहोचत नसल्याची चर्चा झाली होती. पक्कड लावून मूठ लांबविण्याचा प्रयत्नही झाला होता. तपासाअंती मंडळाने टाकी बदलताना विचलित झालेले लक्ष हे कारण नोंदविले आणि अपुरे इंधन, झडपेची जागा, खुणांचा अभाव यांनाही त्यात वाटा दिला.

या घटनेत एकही भाग तुटला नव्हता. झडप चालू होती. अपघात झडपेच्या जागेने घडविला. निवड म्हणजे केवळ वस्तूची निवड नव्हे, तिच्या जागेचीही निवड होय, हा या प्रकरणाचा धडा आहे.

४.२ चांगल्या झडपेची लक्षणे. प्रमाणित विमानांसाठीच्या अमेरिकी नियमावलीत २०१७ च्या फेररचनेपूर्वी झडपेविषयी स्पष्ट अपेक्षा नमूद होत्या. स्वनिर्मित विमानावर त्या बंधनकारक नसल्या तरी शहाणपणाच्या आहेत. त्यांचा आशय आणि व्यवहारातील अनुभव मिळून पुढील कसोट्या तयार होतात :

(अ) मूठ बांधलेल्या पट्ट्यांसह बसलेल्या वैमानिकाला न वळता दिसावी आणि हाती लागावी.
(आ) मूठ हाच दर्शक असावा. तिचे टोक ज्या टाकीकडे, ती टाकी चालू. डावीकडे वळविली तर डावी, उजवीकडे वळविली तर उजवी.
(इ) एका टाकीवरून दुसरीकडे जाताना 'बंद' ही स्थिती वाटेत येऊ नये.
(ई) 'बंद' करण्यासाठी वेगळी, जाणीवपूर्वक कृती लागावी. उदाहरणार्थ, मूठ वर उचलून फिरविणे.
(उ) प्रत्येक स्थितीत खटका हाताला स्पष्ट जाणवावा; डोळे मिटूनही स्थिती कळावी.
(ऊ) आग लागल्यास एका हालचालीत इंधन तोडता यावे.

नळदुरुस्तीच्या दुकानातील पितळी चेंडूझडप स्वस्त असते आणि गळतही नाही. परंतु ती दोनच स्थितींची असते. दोन टाक्यांसाठी अशा दोन झडपा बसविल्यास दोन्ही बंद राहण्याची शक्यता निर्माण होते. शंकूच्या आकाराच्या पितळी बुंध्याची जुनी झडप सुरुवातीस मऊ फिरते. कालांतराने वंगण धुऊन जाते आणि ती घट्ट होते. जोर लावून फिरवावी लागणारी झडप नेमकी मधल्या स्थितीत सोडली जाते. रबरी कड्यांच्या फिरत्या झडपा आज अधिक पसंत केल्या जातात. तथापि त्यांच्या कड्या कोणत्या द्रव्याच्या आहेत, हे इंधनाच्या संदर्भात तपासावे लागते.

४.३ 'दोन्ही' ही स्थिती असावी का? वर पंख असलेल्या विमानात इंधन गुरुत्वाकर्षणाने खाली येते. तेथे 'दोन्ही' टाक्या एकदम उघड्या ठेवणे योग्य ठरते. एक रिकामी झाली तरी दुसरीच्या इंधनस्तंभाचा दाब नळीत हवा शिरू देत नाही. खाली पंख असलेल्या विमानात मात्र पंप इंधन ओढून घेतो. दोन नळ्यांपैकी एका टाकीतील इंधन संपताच पंपाला हवा ओढणे सोपे जाते. दोन काड्यांनी सरबत पिताना एक काडी पेल्याबाहेर राहिली तर तोंडात केवळ हवा येते, तसाच हा प्रकार. दुसरी टाकी भरलेली असूनही इंजीन उपाशी मरते. म्हणून अशा विमानात 'डावी-उजवी-बंद' एवढ्याच स्थिती असाव्यात.

४.४ परतीची नळी. इंधन-अंतःक्षेपणाच्या काही इंजिनांत गरजेपेक्षा अधिक इंधन इंजिनापर्यंत नेऊन उरलेले परत टाकीत पाठविले जाते. तेथे दुहेरी झडप आवश्यक ठरते : ज्या टाकीतून इंधन येते, त्याच टाकीत ते परतले पाहिजे. एकेरी झडप बसवून परतीची नळी कायम उजव्या टाकीस जोडली, तर डावीतून ओढलेले इंधन उजवीत साचेल, ती भरून वायुछिद्रावाटे बाहेर सांडेल आणि वैमानिकाचा हिशेब चुकेल. अशा इंजिनात प्रवाहमापकही दोन लागतात, जाणाऱ्या आणि परतणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांवर.

४.५ पाव लिटरचा फसवा दिलासा. झडप बंद असतानाही इंजीन सुरू होते, हे अनेकांना आश्चर्याचे वाटते. समजा, झडपेच्या पुढील नळी, गाळणी व कार्बोरेटर यांत मिळून पाव लिटर इंधन आहे. मंद गतीने इंजीन ताशी ४ लिटर इंधन घेते. म्हणजे ते पावणेचार मिनिटे सहज चालेल. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाण्यास एवढा वेळ पुरतो. परंतु पूर्ण शक्ती देताच दीडशे अश्वशक्तीचे इंजीन ताशी सुमारे ४७ लिटर ओढते आणि तेच पाव लिटर १९ सेकंदांत संपते. त्या वेळी विमान नुकतेच जमीन सोडून धावपट्टीच्या शेवटाशी पोहोचलेले असते. म्हणून ज्या टाकीवर उड्डाण करावयाचे, त्याच टाकीवर इंजिनाची पूर्ण शक्तीची चाचणी घ्यावी आणि नंतर झडपेला हात लावू नये.

५. वऱ्हाडचा उन्हाळा आणि मेळघाटचा पावसाळा

५.१ घनता-उंची. अकोला-अमरावतीत मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. बेलोऱ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३४० मीटर आहे. दुपारी ४४ अंश तापमानात तेथील हवा प्रमाण वातावरणातील सुमारे १,४८० मीटर उंचीवरील हवेइतकी विरळ असते. चिखलदरा ११०० मीटरहून थोडे अधिक उंच आहे; म्हणजे उन्हाळ्यातील दुपारी बेलोऱ्याच्या धावपट्टीवर उभे असलेले विमान हवेच्या घनतेच्या दृष्टीने चिखलदऱ्याच्याही वर असते. विरळ हवेत शक्ती घटते, चढण मंदावते आणि थंड करणारी हवाही अपुरी पडते.

५.२ तेलाचे तापमान बाहेरच्या तापमानासोबत जवळपास अंशाला अंश वाढते. डिसेंबरात २० अंशांत चाचणी घेताना तेल ९५ अंशांवर स्थिर राहिले, तर बांधणारा संतुष्ट होतो. तेच विमान ४४ अंशांत ११९ अंश दाखवील, म्हणजे लायकमिंगची मर्यादा ओलांडली जाईल. चाचणीच्या नोंदीत तापमापकाच्या आकड्यासोबत बाहेरचे तापमान लिहिणे यासाठी आवश्यक आहे.

५.३ बाष्परोध. पंपाने ओढलेल्या नळीतील दाब कमी होतो आणि गरम इंधनाचे त्या कमी दाबात बुडबुडे होतात. पंप बुडबुडे ढकलू शकत नाही. यावर उपाय म्हणजे ओढण्याऐवजी ढकलणे. विद्युत पंप टाकीजवळ, खालच्या पातळीवर बसवावा. इंजीन-कक्षातील नळ्यांना उष्णतारोधक आवरण घालावे. नळीला उंच कमानी व तीव्र वळणे देऊ नयेत. झडपही येथे गुन्हेगार ठरू शकते : अरुंद छिद्राची झडप दाब आणखी घटविते. इंधनदाबमापकाचे खरे मोल याच ठिकाणी आहे. इंजीन गचके देण्यापूर्वी त्याचा काटा थरथरू लागतो.

५.४ पेट्रोलमधील इथेनॉल. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये विमान-पेट्रोलचे देशी उत्पादन गुजरातमध्ये सुरू केले. परंतु ते प्रत्येक गावाच्या पंपावर मिळत नाही. त्यामुळे रस्त्यावरील पेट्रोल वापरण्याचा मोह होतो. भारतात आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. रोटॅक्स ९१२ साठी उत्पादकाची अनुमती १० टक्क्यांपर्यंतच आहे, तर लायकमिंग इथेनॉलमिश्रित पेट्रोलास अनुमतीच देत नाही. इथेनॉल काही रबरी कड्या फुगविते, टाकीतील काही राळा मऊ करते आणि पाणी शोषून घेते. धारिता-संवेदकाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. पेट्रोलचा परावैद्युत स्थिरांक सुमारे २, तर इथेनॉलचा २४ च्या जवळपास असतो. शुद्ध पेट्रोलवर खुणा केलेले मापक मिश्रणात प्रत्यक्षापेक्षा अधिक इंधन दाखविते. चूक नेमकी घातक दिशेने होते.

५.५ पावसाळ्यात मेळघाटात चित्र उलटते. कार्बोरेटरमध्ये इंधनाच्या बाष्पीभवनामुळे तापमान २० अंशांहूनही अधिक घसरू शकते. म्हणून बाहेर २० ते २५ अंश आणि हवा दमट असतानाही आत बर्फ धरतो. 'वऱ्हाडात बर्फ कुठला' असे म्हणून कार्बोरेटर-तापमापक वगळणे योग्य नाही.

६. जमिनीवरील चाचणी

खरेदीच्या यादीपेक्षा चाचणीची यादी महत्त्वाची आहे. विमानाचे नाक चढणीच्या कोनात उचलून धरावे, टाकीत किमान इंधन ठेवावे, कार्बोरेटरकडील नळी सोडवून मोजपात्रात घ्यावी आणि वेळ मोजावा. प्रमाणित विमानांचा जुना निकष असा, की गुरुत्वप्रणालीत कमाल गरजेच्या १५० टक्के व पंपप्रणालीत १२५ टक्के प्रवाह मिळावा. दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनास प्रति अश्वशक्ती ताशी सुमारे ०.२२७ किलोग्रॅम इंधन धरल्यास ३४ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ४७ लिटर लागते. त्यावरून गुरुत्वप्रणालीत एक लिटरचे पात्र ५१ सेकंदांत, तर पंपप्रणालीत ६१ सेकंदांत भरले पाहिजे. हे मोजमाप डाव्या व उजव्या टाकीसाठी स्वतंत्र घ्यावे. त्यानंतर झडप मुद्दाम मधल्या स्थितीत ठेवून प्रवाह किती घटतो तेही पाहावे. ते जमिनीवर पाहिलेले बरे. चाचणी मोकळ्या हवेत, विमान भूसंपर्कित करून आणि अग्निशामक जवळ ठेवून करावी.

शेवटी, कॉकपिटमध्ये पट्टे बांधून बसावे, डोळे मिटावेत आणि कोणीतरी 'उजवी', 'डावी', 'बंद' असे पुकारत जावे. हात चुकला, तर झडपेची जागा चुकली आहे असे समजावे. वैमानिकाला दोष देऊ नये.

७. निष्कर्ष

(१) मापक इंजिनाच्या मर्यादांवरून निवडावे. त्याच्या अचूकतेइतकीच त्याच्या तारांची व जोडांची शुद्धता महत्त्वाची आहे.
(२) इंधनझडपेत जागा, खुणा आणि खटका यांना किमतीपेक्षा व देखणेपणापेक्षा अग्रक्रम द्यावा. बांधणाऱ्याची सोय ही वैमानिकाची सोय असेलच असे नाही.
(३) खालच्या पंखाच्या विमानात 'दोन्ही' ही स्थिती टाळावी. परतीची नळी असल्यास दुहेरी झडप घ्यावी.
(४) वऱ्हाडच्या हवामानात थंडीतील चाचणीवर विसंबून राहू नये. तेलाचे तापमान, बाष्परोध व इंधनातील इथेनॉल यांचा हिशेब उन्हाळ्याच्या आकड्यांनी करावा.
(५) टाकी बदलण्याची वेळ घड्याळाने नव्हे, तर खालच्या जमिनीने ठरवावी.

आरंभीच्या मार्गाकडे परत आल्यास पाचव्या निष्कर्षाचा अर्थ स्पष्ट होतो. बेलोऱ्याहून निघालेल्या वैमानिकाने अर्धा तास भरण्याची वाट पाहू नये. सुमारे अठरा मिनिटांनी परतवाडा येते. तेथे, खाली सपाट शेते असतानाच टाकी बदलावी. इंधनदाबाचा काटा स्थिर राहतो का, हे काही मिनिटे पाहावे. आणि मगच टेकड्यांकडे वळावे. झडपेत दोष असेल तर तो शेतावर कळेल. सेमाडोहच्या सागवनावरून जाताना वैमानिकाचा हात झडपेकडे जाण्याचे कारणच उरणार नाही.